शिकाऊ उमेदवारीचे पहिले वर्ष

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा आम्हांला थोडे आश्चर्यच वाटले. विद्यालयाचे माजी विद्यार्थी म्हणून ज्यांनी लिहावे असे डॉक्टर, प्राध्यापक, अधिकारी आपल्याकडे पुष्कळ आहेत. आम्ही चौघे एकाच तुकडीतले, तीन मुलगे आणि एक मुलगी. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू झालो. दोघे इलेक्ट्रिशियन, दोघे फिटर. विभाग एकच, देखभाल-दुरुस्तीचा. या वाटेविषयी आपल्या मुलांना आणि पालकांना फारसे कोणी सांगत नाही, म्हणून लिहा, असा आग्रह झाला. तो मानून हे चार शब्द एकत्र बसून लिहिले आहेत.

प्रारंभी घरचा विरोध होता, हे लपविण्याचे कारण नाही. आमच्या आईवडिलांनी आम्हांला वसतिगृहात ठेवले ते आम्ही अंगमेहनतीतून सुटावे म्हणून. आमच्यापैकी एकाचे वडील वीटभट्टीवर राबलेले. आयटीआयचा अर्ज पाहून त्यांनी एवढेच विचारले, "इतकी वर्षं शिकवलं, अन् शेवटी हातात पानाच?" त्या प्रश्नात राग नव्हता, धास्ती होती. आपल्या समाजात शिक्षण म्हणजे खुर्ची, आणि हत्यार म्हणजे पुन्हा मजुरी, असे समीकरण पक्के झालेले आहे. त्याला कारणेही तशीच आहेत. त्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्या दिवशी देता आले नाही. ते पुढच्या वर्षभरात हळूहळू मिळाले.

पालकांच्या माहितीसाठी थोडे व्यवहाराचे सांगतो. शिकाऊ उमेदवारी ही कोणाच्या मेहेरबानीची गोष्ट नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 या केंद्रीय कायद्यानुसार ती चालते. उमेदवार आणि कारखाना यांच्यात लेखी करार होतो आणि त्याची शासनाकडे नोंद होते. उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे, असे कायदा स्पष्ट म्हणतो. त्याचबरोबर आरोग्य आणि सुरक्षिततेच्या ज्या तरतुदी कामगाराला, त्या त्यालाही लागू होतात. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूदही त्यात आहे. 2019 मध्ये सुधारलेल्या नियमांनी आयटीआय उत्तीर्ण उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा 7000 रुपये ठरविले, आणि आम्ही रुजू झालो तेव्हा तोच दर होता. खोलीचे भाडे, डबा आणि बसभाडे वजा जाता फारसे उरत नसे. मुदत संपल्यावर त्याच कारखान्याने नोकरी दिलीच पाहिजे, असे बंधन मात्र कायद्यात नाही. हे आधी ठाऊक असले म्हणजे पुढे निराशा वाट्याला येत नाही.

आता कामाविषयी. कारखान्यात पाऊल टाकल्यावर पहिल्या दिवसापासून यंत्रे हाताळायला मिळतील, अशी आमची कल्पना होती. प्रत्यक्षात पहिला आठवडा आम्ही कशालाही हात लावला नाही. आम्हांला ज्यांच्या हाताखाली दिले होते ते निवृत्तीला आलेले फिटर होते. सारा विभाग त्यांना उस्ताद म्हणे. त्यांनी पहिल्या सकाळी आमची पाकिटे, अंगठ्या, मनगटातले कडे, मोबाईल सारे कपाटात ठेवायला लावले आणि म्हणाले, "हात मंग लावजो, बाबू. पहिले पाहाजो, मंग आयकजो. हात सर्व्यात शेवटी."

हे वाक्य आम्ही तेव्हा वडीलधाऱ्यांच्या नेहमीच्या उपदेशाइतकेच मानले. पुढे कळले की देखभालीच्या कामाचे सारे शास्त्र त्यात आहे. कारखान्यातील मोटारी बहुधा 415 व्होल्टच्या त्रिकला पुरवठ्यावर चालतात. त्या दाबाशी घाईची गाठ पडली तर दुसरी संधी मिळत नाही. म्हणून कोणत्याही पॅनेलवर काम करण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचे कुलूप लावायचे, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची आणि कुलपावर आपल्या नावाची पाटी अडकवायची. काम संपेपर्यंत ते कुलूप दुसऱ्या कोणी काढायचे नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. एवढ्यावरही भागत नाही. मीटर आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून तो नीट दाखवतो की नाही ते पाहायचे, मग बंद केलेल्या ठिकाणी तपासायचे, आणि पुन्हा चालू ठिकाणी लावून मीटर मधल्या काळात बिघडला नाही याची खात्री करायची. मोटारीचा वेग बदलणारी ड्राइव्ह असेल तर वीज तोडल्यावरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये भार साठून राहतो. ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटे पूर्ण होईपर्यंत झाकण उघडायचे नाही. आमच्यातील दोघा इलेक्ट्रिशियनांनी पहिले पंधरा दिवस एवढेच केले. कुलूप, पाटी, मीटर, पुन्हा मीटर. कंटाळा आला, परंतु हाताला ती शिस्त लागली.

फिटर असलेल्या दोघांचा आरंभ याहून साधा होता. बेअरिंगची खोकी पुसायची, क्रमांक वाचायचे, ग्रीसगन भरायची. ग्रीस कमी पडले तर बेअरिंग कोरडी पडून घासते हे कोणालाही समजते. मात्र ग्रीस जास्त झाले तरी ती तापते, हे आम्हांला तिथे कळले. मोजून दिलेले वंगण हे औषधासारखे असते. पुढे मोटार आणि गिअरबॉक्स यांचे शाफ्ट एका रेषेत बसवायला शिकलो. डायल गेज लावून हाताने शाफ्ट फिरवायचा आणि काटा किती सरकतो ते पाहायचे. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायचा. मोटारीच्या पायाखाली कागदासारखी पातळ पत्री घालायची, बोल्ट आवळायचे, पुन्हा मोजायचे. शाळेत दशांश अपूर्णांक शिकताना ते कुठे उपयोगी पडतील असा प्रश्न आम्ही गुरुजींना विचारला होता. त्याचे उत्तर त्या पत्रीत होते.

देखभाल विभागात एक जुने भांडण असते. यंत्र बंद पडले की इलेक्ट्रिशियन म्हणतो, दोष मेकॅनिकल आहे. फिटर म्हणतो, दोष इलेक्ट्रिकल आहे. तोवर उत्पादन विभागाचा माणूस घड्याळ दाखवत उभा असतो. आम्ही दोन्ही बाजूंना विभागलेले, शिवाय एका खोलीत राहणारे आणि एका स्टोव्हवर चहा करणारे. आमच्यातील चौथी तिच्या आत्याकडे राहत असली तरी जेवणाच्या सुट्टीत डबा सोबतच उघडे. त्यामुळे दोन्हीकडचे म्हणणे आमच्या कानी पडे. तिसऱ्या महिन्यातील एका प्रसंगाने या भांडणाचा आमच्यापुरता निकाल लावला.

माल वाहून नेणाऱ्या एका कन्व्हेयरची मोटार दर तास-दीड तासाने आपोआप बंद पडू लागली. 10 अश्वशक्तीची मोटार, तिच्या पाटीवर पूर्ण भाराचा प्रवाह साधारण 14 अँपिअर लिहिलेला. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की ओव्हरलोड रिले मोटार तोडतो, म्हणजे रिले आपले काम चोख करीत होता. उत्पादन विभागाचा आग्रह होता की रिलेचा काटा थोडा वर सरकवा, पाळी निघून जाईल. काम एका पेचाचे, वेळ अर्ध्या मिनिटाचा. उस्तादांनी आणि आमच्या विभागातील ज्येष्ठ इलेक्ट्रिशियन ताईंनी त्याला साफ नकार दिला. ताई म्हणाल्या, "ताप आल्यावर थर्मामीटरची रेघ खाली पुसून चालत नाही." मोटारीचे तापमान मर्यादेच्या वर दर 10 अंशांनी गेले की तिच्या वाइंडिंगच्या इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा या धंद्यातला ठोकताळा त्यांनी आम्हांला तिथेच समजावला. काटा सरकविला असता तर मोटार त्या दिवशी चालली असती आणि थोड्याच दिवसांत जळून भरायला गेली असती.

मग तपास सुरू झाला. आमच्यातील इलेक्ट्रिशियन मुलीने क्लॅम्प मीटरने तिन्ही तारांचा प्रवाह मोजला. तिन्हींत 16 अँपिअरच्या आसपास, आणि तिन्ही जवळजवळ सारखे. एखादी कला तुटली असती किंवा वाइंडिंगमध्ये दोष असता तर आकड्यांत तफावत दिसली असती. मेगरने इन्सुलेशन तपासले, तेही उत्तम. म्हणजे मोटार निर्दोष होती आणि कोणीतरी तिच्याकडून जास्त ओझे ओढवून घेत होते. मोटार गिअरबॉक्सपासून सोडवून एकटी चालविली, तर प्रवाह सहा अँपिअरच्याही खाली. मग फिटरची पाळी आली. गिअरबॉक्स हाताने फिरवून पाहिला, मोकळा. कन्व्हेयरचा पट्टा सैल करून मागचा ड्रम हाताने फिरवायला गेलो, तो हलेना. त्याच्या एका बाजूची बेअरिंग कोरडी ठणठणीत पडून जवळजवळ जाम झाली होती.

बेअरिंग बदलली की काम संपले, असे आम्हांला वाटले. उस्तादांना तसे वाटले नाही. त्यांनी विचारले, दर महिन्याला ग्रीस देण्याच्या यादीत ही बेअरिंग आहे, समोर खुणाही केलेल्या आहेत, मग ती कोरडी कशी? सगळे वाकून पाहू लागले तेव्हा उलगडा झाला. ग्रीसचे निप्पल संरक्षक जाळीच्या आत होते. जाळी काढल्याखेरीज ग्रीसगन तिथे पोहोचतच नव्हती, आणि जाळी काढायची तर कन्व्हेयर बंद करावा लागे. यादीवर खूण होत होती, ग्रीस जात नव्हते. त्या संध्याकाळी आम्ही तांब्याची बारीक नळी जोडून निप्पल जाळीच्या बाहेर आणून बसविले. दुसऱ्या दिवशी मोटारीचा प्रवाह 11 अँपिअरवर आला आणि आम्ही तिथे होतो तोवर त्या कन्व्हेयरने पुन्हा तक्रार केली नाही.

मोटार का थांबली, तर प्रवाह वाढला म्हणून. प्रवाह का वाढला, तर ड्रम जड झाला म्हणून. ड्रम का जड झाला, तर बेअरिंग सुकली म्हणून. बेअरिंग का सुकली, तर निप्पल आडोशाला होते म्हणून. आपल्या विद्यालयात प्रतीत्यसमुत्पादाचा पाठ आम्ही वर्गात पाठ केला होता. प्रत्येक गोष्ट कारणातून उपजते आणि कारण दूर झाले की तीही नाहीशी होते, हे तत्त्व ग्रीसने माखलेल्या हातांनी पुन्हा भेटेल, अशी कल्पना नव्हती. शेजाऱ्यावर दोष ढकलणे सोपे असते. कारणाच्या मागचे कारण शोधणे याला दुरुस्ती म्हणतात.

या कामाकडे आपण केवळ पोटापाण्याचे साधन म्हणून पाहू नये, असे आम्हांला वाटते, कारण हत्याराचा आणि आपल्या समाजाचा इतिहास जुना आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला चांगल्या मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यात नवे सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि त्यांच्या स्पर्शाचा धोटा इतरांना चालत नसे. 1938 च्या फेब्रुवारीत मनमाडला भरलेल्या रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हेच गाऱ्हाणे मांडले. रेल्वेत आपली माणसे गँगमन म्हणून राबतात, वर्कशॉपमधील वरच्या कौशल्याच्या जागा त्यांच्या वाट्याला क्वचितच येतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. म्हणजे ओझे उचलण्याची मुभा होती, यंत्र समजून घेण्याची नव्हती.

पुढे 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. विजेचा विषयही त्याच खात्याकडे होता. युद्धानंतरच्या वीजविकासाचा विचार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद 1943 मध्ये त्यांच्याकडे होते, आणि 1944 मध्ये सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्डाची स्थापना झाली. वीज मुबलक आणि स्वस्त असावी, कारण औद्योगिकीकरणाशिवाय या देशाचे दारिद्र्य हटणार नाही आणि विजेशिवाय औद्योगिकीकरण होणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. त्यांची प्रतिमा आपण संविधानाच्या पुस्तकासह पाहतो, ते योग्यच आहे. आम्हांला मात्र पॅनेलचे दार उघडताना हे दुसरे बाबासाहेब आठवतात. वीटभट्टीवर राबलेल्या त्या वडिलांना आम्ही आता सांगू शकतो की पाना आणि पाटी एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. आजोबांना नाकारले गेले होते ते ओझे नव्हते, कसब होते. आम्ही ते कसब घ्यायला गेलो.

सारेच दिवस असे नव्हते. एका महिन्यात मालाच्या घाईपायी आम्हांला देखभालीतून काढून पॅकिंगच्या ओळीत उभे केले. दिवसभर खोकी चिकटवायची. कोणी बोलायला तयार नव्हते, कारण शेवटी प्रमाणपत्रावर सही त्यांचीच. आम्ही भांडलो नाही आणि गप्पही बसलो नाही. प्रत्येक शिकाऊ उमेदवाराने रोज काय शिकले याची नोंदवही ठेवायची असते. त्या वहीत आम्ही रोज प्रामाणिकपणे लिहिले: आज पॅकिंग केले. आठवड्याअखेर चौघे मिळून प्रशिक्षण पाहणाऱ्या अधिकाऱ्यांकडे सहीसाठी गेलो. करारात ट्रेडचे नाव आहे आणि वहीत पॅकिंग आहे, हे त्यांनीच वाचले. पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा देखभालीत होतो. लिहिलेला कागद किती बोलतो, हे त्या दिवशी समजले.

आडनाव ऐकल्यावर गाव विचारणारे आणि गाव ऐकल्यावर गावातली वस्ती विचारणारेही भेटले. आमच्यातील मुलीला तर शिडीवर चढताना पाहून "पोरीला कशाला पाठवता" असे महिनाभर ऐकावे लागले. तिच्यासाठी स्वच्छतागृह कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला होते, तेवढे चालत जाण्यायेण्याचा वेळही कोणी मोजत असे. ती उलट बोलली नाही. ताईंनी तिला पॅनेलचे ड्रॉइंग वाचायला शिकविले, आणि सहाव्या महिन्यापर्यंत स्टार-डेल्टा स्टार्टरचा दोष शोधायचा झाला की हाक तिलाच येऊ लागली. तरीही पात्रता सिद्ध करण्याचे हे ओझे एकट्या मुलीवर असू नये, असे आमचे मत आहे. ती वागणूक बदलण्याची जबाबदारी कारखान्याची आहे.

विद्यालयाने आम्हांला काय दिले, याचा विचार या निमित्ताने केला. गुणपत्रिकेपेक्षा दोन सवयी अधिक उपयोगी पडल्या असे दिसले. पहिली, सकाळी दहा मिनिटे शांत बसण्याची. तेव्हा ती शिक्षा वाटे. पुढे लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानाला लावून, गोंगाटातून एक बारीक खरखर वेगळी ऐकायची वेळ आली, तेव्हा शांत बसता येणे हे कौशल्य आहे हे उमगले. दुसरी सवय, आळीपाळीच्या कामांची. टाकी भरणे, सभागृह झाडणे, दिवे बंद करणे, आणि झाल्यावर फळ्यावर सही करणे. न केलेल्या कामावर सही करायची नाही, ही वॉर्डन सरांची कडक ताकीद होती. त्या जाम झालेल्या बेअरिंगसमोरच्या खुणा पाहताना आम्हां चौघांनाही त्यांचाच आवाज आठवला.

आमची मुदत संपली, परीक्षा झाली आणि चौघांनाही राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळाले. एकाला त्याच कारखान्यात घेतले. एक कंत्राटदाराकडे, दुसऱ्या कारखान्याच्या देखभालीवर आहे. एक महावितरणच्या विद्युत सहायक पदाच्या भरतीची तयारी करीत आहे. आमच्यातील मुलीने पदविकेला प्रवेश घेतला आहे. कोणाचेही आयुष्य एका वर्षात पालटलेले नाही. परंतु आमच्याजवळ आता असे काही आहे जे बदली झाली, कारखाना बंद पडला, तरी आमच्यासोबत येईल.

दहावीच्या उंबरठ्यावरच्या भावंडांनो, ज्यांना पुढे पदवी घ्यायची आहे त्यांनी जरूर घ्यावी. ज्यांचे मन यंत्रात रमते त्यांनी ही वाट कमीपणाची समजू नये. करार नीट वाचा, एक प्रत स्वतःजवळ ठेवा, नोंदवही रोज लिहा, आणि कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊ नका. पालकांना विनंती एवढीच की मुलगी असो वा मुलगा, त्याच्या हातातील पाना पाहून मान खाली घालू नये.

संचालक मंडळाने अनुमती दिल्यास येत्या उन्हाळी सुट्टीत, परवानाधारक विद्युत ठेकेदाराच्या देखरेखीखाली, दोन्ही वसतिगृहांच्या वायरिंगची आणि अर्थिंगची तपासणी करून देण्याची आमची तयारी आहे. 30 मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारे स्विच प्रत्येक मजल्यावर बसावेत, अशी आमची इच्छा आहे. पाण्याच्या पंपाची मोटारही एकदा पाहावी लागेल. त्या वेळी आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी आमच्यासोबत यावे. पहिल्या दिवशी आम्ही त्यांना कशालाही हात लावू देणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.